एमिग्रेशन आणि इमिग्रेशन: पहिल्यांदा परदेशी कामाला निघणाऱ्यांसाठी

कुवेत, दुबई किंवा मस्कतला पहिल्यांदा कामाला निघालेल्या माणसाला एजंट हमखास सांगतो, "तुमचं इमिग्रेशन क्लिअर आहे, काळजी करू नका." ऐकणारा निर्धास्त होतो. पण एजंट नेमकं कशाबद्दल बोलतोय? एमिग्रेशनबद्दल की इमिग्रेशनबद्दल? आपल्या बोलण्यात दोन्हींचा उच्चार 'इमिग्रेशन' असाच होतो. कागदावर मात्र ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांची खाती वेगळी, कायदे वेगळे, आणि एक झालं म्हणजे दुसरं आपोआप होत नाही. हा फरक बऱ्याच जणांना विमानतळावर कळतो, तिकिटाचे पैसे बुडाल्यावर.

खालचे टप्पे मुख्यतः आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहेत. अमेरिकेच्या व्हिसा अर्जातही याच शब्दांनी घोळ होतो, त्यावर शेवटाकडे एक भाग आहे.

१. आधी दोन शब्द सुटे करा

एमिग्रेशन म्हणजे आपला देश सोडून बाहेर जाणं. इंग्रजीत ते 'ई'ने सुरू होतं आणि त्यात 'एम' एकदाच येतो. इमिग्रेशन म्हणजे दुसऱ्या देशात आत येणं. ते 'आय'ने सुरू होतं आणि त्यात 'एम' दोनदा येतो. सुरुवातीचे तुकडे लॅटिनमधले आहेत, 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'इन' म्हणजे आत. लक्षात ठेवायला 'एक्झिट'चा ई आणि 'इन'चा आय पुरेसा आहे. सरकारी भाषेत पहिल्याला उत्प्रवासन आणि दुसऱ्याला आप्रवासन म्हणतात.

भारतात एमिग्रेशनसाठी १९८३चा उत्प्रवासन कायदा आहे. तो परराष्ट्र मंत्रालय राबवतं आणि प्रत्यक्ष परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स म्हणतात. मुंबईतलं हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. इमिग्रेशन गृह मंत्रालयाच्या ब्युरो ऑफ इमिग्रेशनकडे आहे. त्यासाठीचे जुने चार कायदे रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५पासून एकच नवा कायदा लागू झाला, इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५.

गोंधळाचं खरं मूळ विमानतळावर आहे. देशातून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या काउंटरवरही पाटी 'इमिग्रेशन'चीच असते. म्हणजे जाताना एमिग्रेशनची परवानगी झाली आहे का, हे तपासतो तो इमिग्रेशनचा अधिकारी. तो ही परवानगी देत नाही, फक्त आहे की नाही ते बघतो. तिथे कितीही हातापाया पडलं तरी त्याच्याकडून ती मिळणार नाही.

आणखी एक बारकावा. आखातात कामाला जाणारा माणूस भारताच्या कायद्याने एमिग्रंट असतो, पण तिथे पोहोचल्यावर तो इमिग्रंट होत नाही. त्याचं राहणं नोकरीला आणि ठरावीक मुदतीच्या परवान्याला बांधलेलं असतं. 'एमिग्रेशन झालं म्हणजे तिकडचा कायमचा व्हिसा मिळाला' असं कुणी सांगत असेल तर तिथूनच उठा.

विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट या दोन्हींत बसत नाही. ते एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना लागतं. तरीही नोकरीच्या फायलीत ते हौसेने लावणारे बरेच असतात.

२. पासपोर्ट उघडा आणि ईसीआर शोधा

ईसीआर म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. यातला 'ई' एमिग्रेशनचा आहे, इमिग्रेशनचा नाही. ही नोंद सहसा पासपोर्टच्या शेवटच्या पानावर, आईवडिलांची नावं आणि पत्ता असतो तिथे छापलेली असते. पहिली दोन पानंही एकदा बघून घ्या.

जानेवारी २००७नंतर दिलेल्या पासपोर्टवर अशी कुठलीच नोंद नसेल तर तो ईसीएनआर, म्हणजे चेकची गरज नसलेला. त्याआधी उलट होतं. कोऱ्या पासपोर्टला ईसीआर धरत आणि सूट असलेल्यांना शिक्का मारत. घरातली वडीलधारी माणसं "शिक्का मारून घे" म्हणतात ते त्या काळातलं. आता असा शिक्का मारत नाहीत आणि त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते कशाचेच नाहीत.

३. सूट मिळत असेल तर ईसीआर काढून टाका

ईसीआर हा काही डाग नाही. कमी शिकलेल्या कामगाराची फसवणूक होऊ नये म्हणून घातलेली ती जादा तपासणी आहे. पण सूट मिळत असताना ती अंगावर वागवण्यात अर्थ नाही. सूट मिळणारे मुख्य गट असे:

- दहावी किंवा त्यावरचं शिक्षण झालेले
- ५० वर्षांवरचे आणि १८ वर्षांखालचे
- आयकर भरणारे
- एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीची (व्यावसायिक प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय आणि राज्य परिषदांची) मान्यता असलेल्या संस्थेतून दोन वर्षांचा डिप्लोमा केलेले
- तीन वर्षांहून जास्त काळ परदेशात राहिलेले, सलग किंवा तुकड्यातुकड्यांनी
- सीडीसी, म्हणजे जहाजावरच्या नोकरीचं नोंदपुस्तक, असलेले खलाशी

ही पूर्ण यादी नाही. सगळे गट पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर दिलेले आहेत.

पुष्कळ पासपोर्ट एका साध्या चुकीमुळे ईसीआर होतात. ऑनलाइन अर्जात 'नॉन-ईसीआर गटात बसता का' असा प्रश्न असतो. सायबर कॅफेवाला घाईत 'नाही' करतो, किंवा 'होय' करूनही दहावीचं प्रमाणपत्र जोडलं जात नाही. मग बारावी झालेल्या मुलाच्या पासपोर्टवरही ईसीआर छापून येतं.

दुरुस्तीसाठी जुन्या पुस्तिकेत खाडाखोड होत नाही, नवी पुस्तिका मिळते. अर्ज 'री-इश्यू'चा करायचा आणि कारण 'ईसीआर काढणे' हे निवडायचं. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर ३५०० रुपये. सोबत मूळ पासपोर्ट आणि दहावी पास झाल्याचं बोर्डाचं प्रमाणपत्र किंवा गुणपत्रक न्या. दहावीला बसलो होतो पण एक विषय राहिला, असं असेल तर सूट नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'इयत्ता दहावी' लिहिलेलं असतं म्हणून तोच पुरावा म्हणून नेणारे परत येतात, कारण त्यावरून पास झाल्याचं दिसत नाही. तीन वर्षांच्या वास्तव्याचा आधार घेणार असाल तर शिक्के असलेले जुने पासपोर्ट जपून ठेवा, पुरावा तोच.

व्हिसा लागण्याआधीच हे करा. व्हिसा जुन्या पासपोर्ट क्रमांकावर निघाला आणि नंतर पासपोर्ट बदलला, तर नवं लफडं मागे लागतं.

४. तुम्हाला क्लिअरन्स लागतो का ते ठरवा

एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे वर सांगितलेली प्रोटेक्टरची परवानगी, लागायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पासपोर्ट ईसीआर, जाण्याचं कारण नोकरी, आणि देश पुढच्या १८ पैकी.

अफगाणिस्तान, बहारीन, इंडोनेशिया, इराक, जॉर्डन, कुवेत, लेबनॉन, लिबिया, मलेशिया, ओमान, कतार, सौदी अरेबिया, सुदान, दक्षिण सुदान, सीरिया, थायलंड, संयुक्त अरब अमिराती, येमेन.

सिंगापूर यात नाही, युरोप आणि कॅनडाही नाहीत. दुबईत मुलाकडे फिरायला निघालेल्या आईचा पासपोर्ट ईसीआर असला तरी तिला क्लिअरन्स लागत नाही. व्हिजिट व्हिसा आणि परतीचं तिकीट जवळ असू द्या.

नर्सना मात्र वेगळा नियम आहे. पासपोर्ट ईसीएनआर असला तरी या १८ देशांत नर्स म्हणून नोकरीला जायचं तर २०१५पासून एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. पदवीधर नर्सना हे माहीत नसतं, कारण आपल्या पासपोर्टवर काहीच नोंद नाही म्हणून त्या निश्चिंत असतात. घरकामासाठी जाणाऱ्या ईसीआर महिलांसाठी किमान वय ३० आहे.

सर्वांत मोठा सापळा याच टप्प्यावर लावलेला असतो. एजंट म्हणतो, "आत्ता व्हिजिटवर जा, तिथे गेलात की एम्प्लॉयमेंटमध्ये कन्व्हर्ट करू. एमिग्रेशनची कटकटच नाही." कटकट वाचते हे खरं. पण मग तुमचा करार कुठेही नोंदलेला नसतो, विमा नसतो, आणि तिथला मालक कोण हे आपल्या दूतावासाला माहीत नसतं. पगार थकला तर तक्रार कुणाविरुद्ध करायची इथपासून सुरुवात करावी लागते.

५. एजंट नोंदणीकृत आहे का ते स्वतः पाहा

परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी हवी. अशा एजंटला रिक्रूटिंग एजंट म्हणतात. त्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. पोर्टलचं नाव जोडून वाचलं की इंग्रजीतलं 'एमिग्रेट' तयार होतं. नाव ठेवणाऱ्याने शब्द बरोबर निवडला आहे.

काय पाहायचं:

- नोंदणी क्रमांक पोर्टलवर सापडतो का, आणि नोंदणी आज चालू आहे का. निलंबित आणि मुदत संपलेले एजंटही यादीत दिसतात.
- पोर्टलवरचा पत्ता आणि तुम्ही बसला आहात त्या ऑफिसचा पत्ता एकच आहे का.
- ज्या नोकरीसाठी तुम्हाला घेत आहेत तिचं मागणीपत्र, म्हणजे डिमांड लेटर, त्याच एजंटच्या नावाने आहे का.

गावातला ओळखीचा माणूस "मुंबईच्या मोठ्या ऑफिसचा सब-एजंट" असल्याचं सांगतो. कायद्यात सब-एजंट असा प्रकार नाही. तो चांगला माणूस असेलही, पण त्याच्या हातात दिलेल्या पैशाला कागदावर कुणी वाली नाही.

एजंटने कामगाराकडून घ्यायची कमाल सेवाफी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १८ टक्क्यांनी ३५,४०० रुपये. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. दीड-दोन लाख मागून पावती ३०,०००ची देतो म्हणणारा एजंट पुढच्या तक्रारीची वाट आजच बंद करत असतो.

६. कागद जमवा

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
- नोकरीचा व्हिसा
- नोकरीचा करार: पगार, कामाचे तास, राहणं, जेवण, सुट्टी आणि परतीचं तिकीट यांसह
- प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी
- एजंटमार्फत जात असाल तर त्याच्या फीची पावती

विमा टाळायचा नाही, ईसीआर कामगाराला तो सक्तीचा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचं संरक्षण आहे. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, कर वेगळा. एवढी स्वस्त पॉलिसी काढूनही तिचा क्रमांक घरी ठेवून न जाणारे लोक आहेत. वारसाचं नाव बरोबर घाला आणि पॉलिसीची एक प्रत घरी द्या.

क्लिअरन्सचा अर्ज ई-मायग्रेटवर ऑनलाइन होतो. एजंटमार्फत जात असाल तर तो भरतो, परदेशी मालक पोर्टलवर नोंदलेला असेल तर त्याच्याकडूनही होतं. ओळखीने स्वतः नोकरी मिळवली असेल तर स्वतः अर्ज करता येतो, पण अशा वेळी करार तिथल्या भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून तिकीट आधी काढू नका.

पासपोर्टवर चिकटवायचं स्टिकर आता नसतं. मंजुरी ऑनलाइन नोंदली जाते आणि ती इमिग्रेशनच्या काउंटरवर दिसते. "स्टिकर लावून देतो, पाच हजार द्या" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला समजलं असेलच. अर्ज मंजूर झाला का हे एजंटच्या तोंडून ऐकू नका, पोर्टलवर स्वतः पाहा आणि मंजुरीची प्रत छापून घ्या.

निघण्याआधी कामगारांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण असतं, त्याला पीडीओटी म्हणतात. तिथले कायदे आणि काय बरोबर नेऊ नये हे त्यात सांगतात. दिवस मोडला तरी करा.

७. व्हिसावरचा धंदा वाचा

क्लिअरन्सच्या नादात हे राहून जातं. इंटरव्ह्यू इलेक्ट्रिशियनचा, कराराच्या पहिल्या पानावर इलेक्ट्रिशियन, आणि व्हिसावर अरबीत मात्र साधा मजूर किंवा घरगुती ड्रायव्हर. तिथला कायदा व्हिसावरचा धंदा धरून चालतो. अरबी येत नसेल तर फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपने तेवढी ओळ तरी वाचून घ्या.

कुवेतचं उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. तिथे १८ नंबरचा व्हिसा खाजगी कंपनीचा आणि २० नंबरचा घरकामाचा, ज्याला लोक 'खादिम' म्हणतात. २० नंबरवर गेलेल्या माणसाला कंपनीत बदली सहसा मिळत नाही. ती फक्त सरकारने मधूनच मुदत उघडली तर होते. 'व्हिसा मिळाला' एवढ्यावर न थांबता नंबर विचारा.

करारातला पगार, इंटरव्ह्यूत सांगितलेला पगार आणि ई-मायग्रेटवर नोंदलेला पगार, हे तिन्ही आकडे सारखे असायला हवेत. तिथे पोहोचल्यावर दुसऱ्या करारावर सही करायला सांगितलं तर पहिल्या कराराची प्रत हाताशी हवी. म्हणून सगळ्या कागदांचे फोटो स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला तरी तेवढं हातात राहतं.

८. विमानतळावर

क्रम असा: विमान कंपनीचं चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, बोर्डिंग. पूर्वीचं डिपार्चर कार्ड भारतीयांसाठी १ जुलै २०१७पासून बंद आहे, ते शोधत फिरू नका.

इमिग्रेशनच्या काउंटरवर पासपोर्ट आणि व्हिसा मागतात. ईसीआर असेल तर मंजुरी संगणकावर पाहतात. कुठे चाललात, काय काम, कोणती कंपनी, असे साधे प्रश्न असतात. जे खरं आहे तेच सांगा. व्हिजिट व्हिसावर असताना "कामाला" असं उत्तर आलं किंवा बॅगेत नोकरीचा करार निघाला, तर तिथेच अडवतात. याला विमानतळावरचे लोक 'ऑफलोड' म्हणतात. उत्तरं पाठ करवून घेणारा एजंट तुम्हाला याच जागी एकट्याला सोडणार असतो, कारण तो गेटच्या बाहेर थांबतो.

'काउंटरवर सेटिंग आहे, अमुक नंबरच्या रांगेत उभे राहा' असं सांगितलं गेलं, तर क्लिअरन्स झालेला नाही एवढाच त्याचा अर्थ. ज्याचा झाला आहे त्याला कुठलीही रांग चालते.

उतरल्यावर समोर येतं ते खरं इमिग्रेशन, त्या देशाचं. भारतातल्या क्लिअरन्सचा तिथे काही संबंध नसतो. ते त्यांचा व्हिसा, पासपोर्ट आणि बोटांचे ठसे बघतात. त्यांनी प्रवेश नाकारला तर आपली मंजुरी दाखवून उपयोग नाही.

९. अमेरिकेच्या अर्जातला इमिग्रंट

इथे ईसीआरचा प्रश्न नाही, शब्दाचा आहे. अमेरिका सगळे व्हिसा दोन ढिगांत टाकते, इमिग्रंट आणि नॉनइमिग्रंट. फिरायला जायचा बी-१/बी-२, विद्यार्थ्यांचा एफ-१ आणि आयटीवाल्यांचा एच-१बी हे तिन्ही नॉनइमिग्रंट. दहा वर्षं एच-१बीवर राहिलेला माणूसही कागदोपत्री इमिग्रंट नसतो. ग्रीन कार्डाच्या वाटेने जातो तो इमिग्रंट. अर्जही वेगळे: नॉनइमिग्रंटसाठी डीएस-१६०, इमिग्रंटसाठी डीएस-२६०.

डीएस-१६०मध्ये एक प्रश्न असतो: तुमच्या वतीने कुणी यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) इमिग्रंट पिटिशन, म्हणजे तुम्हाला कायमचं बोलावून घेण्याचा अर्ज, दाखल केलं आहे का? आईवडील मुलीच्या बाळंतपणाला निघालेले असतात, अर्ज जावई घाईत भरतो आणि 'नाही' निवडतो. पण आईच्या अमेरिकन नागरिक भावाने कधीतरी तिच्यासाठी पिटिशन भरून ठेवलेलं असतं. भावंडांच्या या रांगेत भारतीयांना दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं, त्यामुळे घरात सगळे ते विसरून गेलेले असतात. अमेरिकेच्या नोंदीत मात्र ते असतं. खरं उत्तर 'होय' असताना 'नाही' लिहिणं खोटी माहिती देण्यात मोडू शकतं आणि पुढचे सगळे अर्ज त्याने अडतात. अर्ज भरण्याआधी अमेरिकेतल्या भावंडांना एक फोन करून विचारा.

एच-१बीवाल्यांनीही पिटिशन कुठलं ते पाहावं. कंपनीने भरलेला आय-१२९ हा नॉनइमिग्रंट कामगाराचा, आय-१४० हा इमिग्रंटचा. वरच्या प्रश्नाचं उत्तर फक्त आय-१२९मुळे 'होय' होत नाही.

बी व्हिसा नाकारताना बहुतेक वेळा अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम २१४(बी)चा कागद हातात देतात. अर्जदार इमिग्रंट म्हणून, म्हणजे कायमचं राहायला येतोय, असं तो कायदा गृहीत धरतो आणि तसं नाही हे दाखवणं अर्जदारावर असतं. त्यामुळे मुलाखतीत "आय वॉन्ट टू इमिग्रेट फॉर थ्री मंथ्स" असं वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. 'व्हिजिट' म्हणा.

१०. बिनसलं तर

देशात असताना एजंटने फसवलं तर ई-मायग्रेटवर तक्रार आणि स्थानिक पोलिसांत एफआयआर, दोन्ही करा. नोंदणी नसलेल्या एजंटविरुद्ध १९८३च्या कायद्याखाली गुन्हा होतो, हे ठाण्यात सांगावं लागू शकतं. तक्रारीत 'इमिग्रेशन फ्रॉड' असं मोघम लिहू नका. 'नोंदणीशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती' असं लिहा आणि रकमा, तारखा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश जोडा.

परदेशात अडकलात तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल. भारतातून माहितीसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-३०९०. फोन करताना पासपोर्ट क्रमांक, मालकाचं नाव आणि विमा पॉलिसीचा क्रमांक समोर ठेवा, आणि हेच तीन आकडे-नावं घरच्यांच्या वहीतही लिहून ठेवा, कारण बऱ्याचदा फोन त्यांनाच करावा लागतो.